तीन आसने, एक मर्यादा

नागपूरहून रायपूरला जाताना दुर्गच्या पुढे भिलाई पॉवर हाउस स्थानक लागते. पोलाद कारखान्यामुळे या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना मार्गाची दोन्ही टोके जवळची आहेत. १९५६ पर्यंत ती एकाच राज्यात होती आणि देशाचे अकरावे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला याच दोन शहरांत घडले.

१९०५ मध्ये जन्मलेले हिदायतुल्ला रायपूरच्या शासकीय शाळेतून नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजला गेले. १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९४३ मध्ये महाधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असा त्यांचा प्रवास झाला. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, उच्च न्यायालय जबलपूरला हलले आणि तेही तिकडे गेले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले.

त्यांची खरी कसोटी पुढच्याच वर्षी लागली. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले होते. त्यांचा कार्यभार सांभाळणारे व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी २० जुलै १९६९ रोजी राजीनामा दिला. राष्ट्रपतिपदाची सूत्रे सरन्यायाधीशांकडे आली. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला ९ ऑगस्टला संमती मिळाली, ती हिदायतुल्ला यांच्या स्वाक्षरीने. त्या कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा सुनावणी करणाऱ्या अकरा न्यायाधीशांच्या पीठात ते बसले नाहीत.

संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत मताच्या अंशाने फेटाळले गेले. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. १५ डिसेंबरला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो आदेश बहुमताने अवैध ठरवला. संसदेने मात्र पुढच्याच वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे संपवले. न्यायालयाचा आक्षेप मार्गाला होता. रीतसर मार्ग संसदेला मोकळाच होता.

निवृत्तीनंतर सुमारे नऊ वर्षांनी, १९७९ मध्ये, ते उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आले आणि त्याच राज्यसभेचे सभापती झाले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. निवृत्त न्यायाधीशांनी पदे स्वीकारावीत काय, या वादात त्यांचे उदाहरण दोन्ही बाजूंना देता येते. ते देताना मधली नऊ वर्षे आणि बिनविरोध निवड यांचा विसर पडू नये.