शेवटचे पान नसलेली पोथी

ग्रंथ कितीही पवित्र असला तरी त्याची नक्कल करणारा माणूसच असतो. एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवताना ओळ कशी गळते, आकडा कसा फिरतो, हे मी बँकेच्या नोकरीत जन्मभर पाहिले. त्यामुळेच असेल, रॉटरडॅमच्या इरॅस्मसविषयी मला विशेष जवळीक वाटते.

१४६६ च्या सुमारास एका पाद्र्याचा अनौरस मुलगा म्हणून तो जन्मला. आईवडील प्लेगात गेले आणि सांभाळ करणाऱ्यांनी त्याला मठात धाडले. तिथे त्याचे मन रमले नाही. तिशी उलटल्यावर, पैशांची ओढाताण असतानाच, तो पॅरिसमध्ये ग्रीक शिकू लागला. १५०४ साली लूव्हेनजवळच्या एका मठात त्याला लोरेंझो व्हाला या इटालियन पंडिताच्या टिपांचे हस्तलिखित सापडले. चर्चमध्ये हजार वर्षे वाचला जाणारा लॅटिन नवा करार व्हालाने ग्रीक पोथ्यांशी ताडून पाहिला होता. इरॅस्मसने त्या टिपा पुढच्याच वर्षी छापल्या आणि स्वतःही त्याच वाटेला लागला.

१५१६ साली बाझेल इथे फ्रोबेनच्या छापखान्यातून त्याचा ग्रीक नवा करार बाहेर पडला. शेजारी त्याचा स्वतःचा लॅटिन अनुवाद होता, मागे टिपा होत्या, आणि अर्पणपत्रिका थेट पोपला! काम मात्र सहा-सात महिन्यांत उरकलेले. हाताशी जेमतेम सातेक पोथ्या, त्यांतल्या मुख्य पोथ्या बाराव्या शतकाच्या आसपासच्या. त्यांच्यावरच दुरुस्त्या करून त्या त्याने जुळाऱ्यांच्या हाती दिल्या. तिकडे स्पेनमध्ये आल्काला इथल्या पंडितांचा ग्रीक नवा करार १५१४ सालीच छापून तयार होता, प्रकाशन तेवढे राहिले होते.

या घाईत एक अडचण आली. ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या ग्रंथासाठी त्याच्याकडे एकच पोथी होती, जर्मन पंडित रॉयक्लिनकडून उसनी आणलेली, आणि तिचे शेवटचे पानच नव्हते. इरॅस्मसने त्या सहा वचनांचे लॅटिनवरून ग्रीक भाषांतर करून जागा भरली. जो माणूस जगाला मुळाकडे चला म्हणत होता, त्यानेच मूळ स्वतः तयार केले. माझ्या मते ती जागा कोरी सोडायला हवी होती. पण त्याने हे लपवले नाही, टिपांत नोंदवून ठेवले.

खरा वाद पेटला तो योहानाच्या पहिल्या पत्रावरून. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत, असे सांगणारे तिथले वचन त्याच्या कोणत्याही ग्रीक पोथीत नव्हते, म्हणून त्याने ते घेतले नाही. त्रैक्याचा एवढा स्पष्ट आधार काढला म्हटल्यावर गहजब झाला. इंग्लंडच्या एडवर्ड लीने आणि स्पेनच्या स्टुनिकाने त्याच्यावर झोड उठवली. आणि मग अचानक ते वचन असलेली एक ग्रीक पोथी उपटली! आज ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे आणि ती सोळाव्या शतकातलीच मानली जाते. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ते वचन घातले, सोबत शंका व्यक्त करणारी लांबलचक टीपही जोडली. पोथी दाखवा, वचन घालतो, अशी पैज त्याने लावली होती म्हणतात. पण या कथेला आधार नसल्याचे डच अभ्यासक डी याँग यांनी १९८० साली दाखवून दिले. मला तर ती निंदकांना कंटाळलेल्या, प्रकृतीने नाजूक माणसाची तडजोड वाटते.

ल्यूथरने त्याच्याच दुसऱ्या आवृत्तीवरून जर्मन भाषांतर केले. इरॅस्मस मात्र कॅथलिकच राहिला आणि दोन्ही बाजूंना नकोसा झाला. १५३६ साली तो बाझेलमध्ये वारला. १५५९ साली रोमने त्याच्या साऱ्या ग्रंथांवर बंदी घातली.

त्याने भरलेली जागा मात्र टिकली. लॅटिन नकलांत कधीतरी ‘लिग्नो’चे, म्हणजे झाडाचे, ‘लिब्रो’, म्हणजे पुस्तक, झाले होते. ग्रीक पोथ्यांत जिथे जीवनाचे झाड आहे, तिथे इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये जीवनाचे पुस्तक आले, आणि तेच १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उतरले. रॉयक्लिनची ती पोथी पुढे गहाळ झाली. १८६१ साली फ्रान्झ डेलिट्झ या पंडिताने ती एका जर्मन सरदार घराण्याच्या ग्रंथालयात शोधून काढली आणि इरॅस्मसच्या छापील मजकुराशी ओळीनओळ ताडून पाहिली. शेवटचे पान तिच्यात खरोखरच नव्हते.