खाणमजुरांचे मजूरमंत्री : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या खाणी त्यांच्या खात्यात होत्या, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. म्हणून या अंकात त्या चार वर्षांविषयी.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी पदभार घेतला. महायुद्ध सुरू होते. रेल्वे, कारखाने, जहाजे, सगळ्यांना कोळसा हवा होता. मालकांना भाव आणि उत्पादन हवे होते, सरकारला वेळेवर पुरवठा. जमिनीखाली राबणाऱ्या माणसाला पुरेशी मजुरी, राहायला घर, प्यायला पाणी आणि सुखरूप वर येण्याची खात्री हवी होती. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या बरोबरीने तेथे बसले.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, औषधोपचार आणि शिक्षण यांवर खर्च करायचा, अशी ही योजना होती.

सर्वांत अवघड प्रश्न स्त्रियांचा होता. स्त्रियांनी भूगर्भात काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धकाळात जास्त मजुरीच्या लष्करी कामांकडे खाणमजूर वळले, उत्पादन घटले आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. महिला संघटनांनी निषेध केला. आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होत असल्याचा आक्षेपही आला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात बाबासाहेबांना या निर्णयाची बाजू मांडावी लागली. ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि त्याच कामासाठी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. टीका करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता आणि कोळशाची टंचाईही खरी होती. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. त्याआधी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त्या झाल्या.

१९४६ मध्ये अभ्रक खाण कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. येथे उपकर निर्यातीवर होता. सल्लागार समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत आणि किमान एक स्त्री असावी, असे कायद्यातच लिहिले गेले.

केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाची वाटणी हा बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठापासूनचा अभ्यासविषय. ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना तयार झालेल्या संविधानात खाणी दोन्ही सूचींमध्ये आल्या : राज्यसूचीत नोंद २३, केंद्रसूचीत नोंद ५४. ही ओढाताण आजही चालू आहे. खनिजयुक्त जमिनीवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केला. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानातही, खनिजाच्या उत्पन्नातला वाटा खाणीची झळ सोसणाऱ्यांना मिळावा, हाच विचार दिसतो.

आमच्या रास अल खैमाच्या डोंगरांतील चुनखडी जहाजांनी भारतातील पोलाद कारखान्यांकडे जाते. टनांचा हिशेब सगळेच ठेवतात. दगड फोडणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हा हिशेब बाबासाहेबांनी कायद्याच्या वहीत आणला. सम्यक आजीविकेचा विचार करताना आपल्या मुलांना हेही सांगू या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!