मूत्राशयाची लढाई जिंकणारे डॉ. गुटमन

अहिल्यानगर, प्रतिनिधी : अहिल्यानगर हे लष्कराच्या चिलखती दलाचे शहर. मज्जारज्जूला इजा होऊन पाय गमावलेल्या जवानांसाठी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, खडकी येथे, १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा रुग्णांना आज दीर्घायुष्य लाभते, याचे मोठे श्रेय डॉ. लुडविग गुटमन यांना जाते. पॅरालिम्पिकचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांची पहिली लढाई मूत्राशयाशी होती.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट येथे झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात सेवक असताना त्यांनी पाठीचा कणा मोडलेला एक खाणकामगार पाहिला. काही आठवड्यांतच तो मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने व शय्याव्रणांनी दगावला. त्या काळी अशा रुग्णांची आशाच सोडली जात असे. पुढे ते ब्रेस्लाऊ येथे नामांकित मेंदुशल्यविशारद झाले. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये त्यांना देश सोडून इंग्लंड गाठावे लागले.

मूत्राशयाच्या अस्तरातील व भिंतीतील सूक्ष्म मज्जातंतू ताण ओळखून मज्जारज्जूमार्गे मेंदूला वर्दी देतात. योग्य वेळी मेंदू अनुमती देतो आणि मूत्राशय आकुंचन पावते. मज्जारज्जू तुटला की ही वर्दी मध्येच अडते. प्रारंभी मूत्र तुंबते. कालांतराने मेंदूच्या अनुमतीशिवायच आकुंचन होऊ लागते. भरलेल्या मूत्राशयामुळे अशा काही रुग्णांचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो, हे गुटमन व व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले. मेंदूपर्यंत न पोहोचलेली वर्दीही शरीर हादरवते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथील विभागाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी कायम बसवलेल्या नळीऐवजी ठरावीक तासांनी निर्जंतुक नळीने मूत्राशय रिकामे करण्याचा आग्रह धरला. भरणे आणि रिकामे होणे हा क्रम राखल्यास संसर्ग टळतो व प्रतिक्षिप्त क्रिया परतण्यास वाव मिळतो, अशी त्यांची धारणा होती. फ्रँकेल यांच्यासह त्यांनी ४७६ रुग्णांचा अनुभव १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

जगलेल्या रुग्णांना जगण्याचे प्रयोजन हवे, म्हणून २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. त्यातूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे याच स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक पटकावले.

१८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले. ठरावीक वेळी मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मात्र आजही मज्जारज्जूच्या रुग्णांची मूत्रपिंडे वाचवीत आहे.