शाळा सरकारी की खासगी? मुरूडच्या अण्णा कर्व्यांकडे बघू या

जून तोंडावर आला की आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. बदली होऊन आलेले तलाठी, ग्रामसेवक, एस. टी.चे कंडक्टर, बँकेतले कारकून आणि मुंबईची खोली सोडून गावच्या घरी परतलेले चाकरमानी, या सगळ्यांना सामानाची बोचकी सुटायच्या आधी तो सोडवायचा असतो. पोरांना शाळेत घालायचं कुठं? वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की नाक्यावर जिची गाडी येते त्या खासगी शाळेत? शेजारी एक सांगतो, मेव्हणा दुसरंच सांगतो. फी भरायची तर पोटाला चिमटा, आणि न भरावी तर पोरांचं नुकसान केलं की काय ही टोचणी.

तुमच्या मनात हा घोळ चालू असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा जन्म डोळ्यांसमोर आणा. महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम, स्त्रियांसाठी विद्यापीठ, भारतरत्न, एवढे आपल्याला पाठ्यपुस्तकाने सांगितलेले असते. पण त्याआधी ते शाळेसाठी गावोगाव फिरलेले एक कोकणी पोर होते. पुढे मुलाला शिकवणारे बाप झाले, आणि उतारवयात खेड्यातल्या शाळांसाठी दारोदार हिंडले. प्रवेश मागणारा, प्रवेश देणारा आणि ज्यांना शाळाच नाही त्यांच्यासाठी झटणारा, या तिन्ही जागी उभे राहून त्यांनी शाळा पाहिली.

सातारची पायपीट

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. घर दापोली तालुक्यातल्या मुरूडला. घराण्याचे वैभव तोवर ओसरले होते. गावच्या मराठी शाळेत त्यांचे पहिले शिक्षण झाले. तिथल्या सोमण गुरुजींचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. शाळा लहान, साधने बेताची, पण मुलाला हाताशी धरणारा शिक्षक भेटला. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झाली की शिक्षकाची नाहीतर कारकुनाची नोकरी मिळण्याचा संभव असे. त्या परीक्षेसाठी अण्णा आणि त्यांचे सोबती मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. भर पावसात, सह्याद्री चढून, सुमारे ११० मैल. एवढे करून पोचले, तर तिथे त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. का, तर पोरगा वयाने लहान दिसतो! कागदावरच्या वयापेक्षा साहेबाच्या डोळ्याला दिसले ते खरे ठरले. पुढे ती परीक्षा ते पास झाले, पण हा घाव त्यांनी आत्मचरित्रातही नोंदवून ठेवला.

आज नव्या गावी शाळेच्या ऑफिसात तुम्ही उभे असता तेव्हा ही गोष्ट आठवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणाने सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखल्यासाठी पोर महिनाभर घरी बसवून ठेवणारे पालक आजही भेटतात. तसं करू नका. पोर आधी वर्गात बसवा, कागद मागाहून येतील.

चार ठिकाणची विद्या

इंग्रजी शिकायचे म्हणून अण्णा रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात आले. पण इथे तापाने धरले, तब्येत टिकेना, आणि परत मुरूड गाठावे लागले. मग मुंबई. तिथे ते रॉबर्ट मनी स्कूलमध्ये दाखल झाले. ही शाळा ख्रिस्ती मिशनची. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या कोकणस्थ घरातला मुलगा मिशनच्या शाळेत घालणे म्हणजे त्या काळात आईबापांच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट होती. १८८१ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा वय होते तेवीस. पदरी बायको होती. शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवत १८८४ साली ते बी. ए. झाले, एल्फिन्स्टन कॉलेजातून. हे कॉलेज पुन्हा सरकारी.

आता यादी करा. गावची मराठी शाळा, रत्नागिरीचे सरकारी हायस्कूल, मिशनची खासगी शाळा, सरकारी कॉलेज. यातली निवड पाटीवरचे नाव पाहून झालेली नाही. जिथे घेतील, जिथे खर्च झेपेल, जिथे तब्येत टिकेल आणि जिथे शिकवणारा माणूस आहे, तिथे हा मुलगा गेला. रत्नागिरीची शाळा काही वाईट नव्हती, पण इथे राहणे त्यांच्या शरीराला मानवले नाही. रोज पहाटे उठून दीड तास गाडीत हिंदकळत जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोरालाही हेच लागू. शाळा नामांकित असेल, पण पोर तिथवर पोचेपर्यंतच दमत असेल तर ते शिकणार काय?

पुण्यातला संसार आणि मुलाची शाळा

१८९१ साली अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. त्याच साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. पुढे हा मुलगा शिकला तो न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, आणि १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला. संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य झिजवणारे र. धों. कर्वे ते हेच.

न्यू इंग्लिश स्कूल खासगी होते. पण खासगी म्हणजे काय, तेही बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात मास्तर होते. ती नोकरी सोडून ते पुण्याला गेले. रत्नागिरीत जन्मलेले टिळक आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर, या नव्या पदवीधरांशी त्यांची गाठ पडली, आणि १ जानेवारी १८८० रोजी ही शाळा सुरू झाली. चांगल्या पगाराची आशा सोडून मास्तर तिथे राबत होते. पुढे याच मंडळींच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने फर्ग्युसन कॉलेज काढले. म्हणजे अण्णांनी मुलासाठी निवडलेली शाळा त्यांच्या स्वतःच्या संस्थेची होती. तिथले मास्तर त्यांना ठाऊक होते, आणि संस्थेचे बरेवाईट त्यांच्याही अंगावर येणारे होते.

म्हणून आज कोणी खासगी शाळेची शिफारस केली तर विचारा, बाबा, कसली खासगी? आपल्या जिल्ह्यातली कितीतरी जुनी हायस्कुले गावकऱ्यांनी, मुंबईकर मंडळांनी वर्गणी काढून उभी केलेली आहेत. संस्था खासगी असली तरी मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. २०१२ च्या कायद्याने निघणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा निराळ्या, तिथला सगळा खर्च फीतून निघतो. दोघींना एकच शब्द लावला की हिशेब चुकतो. विनाअनुदानित खासगी शाळेतही पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे, तीही विचारून घ्या.

दार कोणाला उघडे, कोणाला बंद

अण्णांचे आयुष्य नुसते कौतुकाने सांगून भागणार नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवेशी, पुनर्विवाह केला. मुरूडने त्यांना वाळीत टाकले. आईच्या घरात त्यांनी राहायचे नाही, असे ठरवण्यापर्यंत गावाची मजल गेली. पुढे १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेज संपले की अण्णा चार मैल चालत तिथे जात.

ज्या मुलींना शिकायला कुठलीच शाळा मोकळी नव्हती, त्यांना या खासगी संस्थेने जवळ केले. पण याच संस्थेचे दार सुरुवातीला सर्व जातींना खुले नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे आपल्या बहिणीला, जनाक्काला, आश्रमात ठेवायला आले. ब्राह्मणेतर म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. शिंद्यांनी ही गोष्ट आपल्या आठवणींत लिहिली आहे. देणगीदार आणि समाज काय म्हणेल, या धास्तीने चांगल्या माणसाची संस्थासुद्धा कोणाला घ्यायचे हे निवडू लागते. स्वतः वाळीत पडलेल्या माणसाच्या हातून हे घडले, म्हणून ते जास्त बोचते.

वाडीतल्या सरकारी शाळेची खरी ताकद इथे आहे. येईल त्या पोराला तिने घ्यावेच लागते. बाहेरगावाहून आलेल्या खाणकामगाराचे असो, बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याचे असो, की तुमचे माझे असो. तिला निवडीचा हक्क नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा गावात

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केले, तेही मातृभाषेतून शिकवणारे. हाताशी मुली अगदी थोड्या होत्या. १९२० साली ठाकरसी घराण्याच्या मोठ्या देणगीने त्याला बळ आले. जगाची सफर झाली, मानसन्मान झाले. एखादा माणूस तिथे थांबला असता.

पण १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा काढायची, आणि शिकून बाहेर पडलेल्यांची वाचनाची सवय मोडू नये हेही पाहायचे, असा त्याचा हेतू. आयुष्यभर खासगी संस्था उभ्या केलेला हा माणूस म्हातारपणी दारोदार फिरून लहानसहान देणग्या गोळा करू लागला. सरकार जिथे पोचले नाही तिथे आपण पोचायचे, एवढाच त्यात हिशेब होता. विद्यापीठाची पायरी चढायला आधी गावात पहिलीचा वर्ग लागतो, हे मुरूडच्या पोराला कोणी सांगायला नको होते. १९४४ साली त्यांनी समता संघ स्थापला आणि जातिभेदाविरुद्ध उघड काम सुरू केले. जनाक्काला बंद राहिलेल्या दाराचे उत्तर त्यांनी असे उशिरा का होईना दिले, असे म्हणायला जागा आहे.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला, एकशे चार वर्षांचे होऊन, अण्णा गेले.

मग तुम्ही काय करायचं?

अण्णांनी स्वतःच्या मुलाला खासगी शाळेत शिकवले आणि गावच्या पोरांसाठी सार्वजनिक शाळा मागितली. यात ढोंग नव्हते. आपल्या पोराचे बघणे हे बापाचे काम, आणि गावातली शाळा राखणे हे गावकऱ्याचे काम. एकाने दुसरे टळत नाही. मुरूडहून बाहेर नोकरीला गेलेल्यांनी मिळकतीतला थोडा वाटा गावासाठी काढावा, म्हणून मुरूड फंड उभा करण्यातही ते होतेच. गाव सोडले म्हणून गावाचे देणे फिटले असे त्यांनी मानले नाही.

तेव्हा नव्या गावी आलात की पाटी वाचून ठरवू नका. दोन्ही शाळांत जा, शाळा भरलेली असताना जा. मास्तर किती आहेत, एकाच गुरुजीवर चार इयत्ता आहेत का, पोरे वाचून दाखवतात का, मुलींना संडासाची सोय आहे का, हे बघा. खासगी शाळेत फीबरोबर गाडी, गणवेश, पुस्तके धरून वर्षाचा आकडा कागदावर मांडा, आणि मधेच पैसे थकले तर पोराचे काय, हेही विचारा. इंग्रजी माध्यम घेणार असाल तर शिकवणाऱ्याला ती भाषा येते का, हे आधी पाहा.

आणि जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. आपल्या वाड्यांत पटसंख्या घटते आहे. ज्यांना निवडीची सोय आहे ते निघून गेले की मागे राहतात ती ज्यांना सोय नाही त्यांची पोरे. तिथे मास्तर मागायला मग आवाजच उरत नाही. तुमचे पोर कुठल्याही शाळेत जावो, ग्रामसभेत वाडीच्या शाळेचा विषय निघेल तेव्हा उठून बोला. मास्तरांची जागा रिकामी असेल तर सही करून अर्ज द्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अण्णा त्यासाठी उंबरे झिजवत होते, आपल्याला तर पंचायतीच्या हॉलपर्यंतच जायचं आहे.