डॉ. वाइल्डर पेनफील्ड

अपस्माराला बोलीभाषेत फेफरे किंवा आकडी म्हणतात. माणूस अचानक कोसळतो, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, शुद्ध हरपते. शतकानुशतके जगभर या आजाराकडे दैवी कोप किंवा भूतबाधा म्हणून पाहिले गेले. रुग्णाच्या वाट्याला वेदनेबरोबर लाजही आली. या आजाराचे मूळ मेंदूत नेमके शोधून ते शस्त्रक्रियेने दूर करण्याचा मार्ग ज्यांनी प्रशस्त केला, त्यांत डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते. परंतु वाइल्डर आठ वर्षांचे असताना आई मुलांना घेऊन हडसन येथे माहेरी परतली. आईच्या छत्राखालीच ते वाढले. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९१३ साली पदवी घेतल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन या थोर शास्त्रज्ञांकडून त्यांनी मज्जासंस्थेचे पहिले धडे घेतले. पहिले महायुद्ध सुरू होते. मार्च १९१६ मध्ये ते प्रवास करीत असलेल्या ‘ससेक्स’ जहाजावर पाणतीराचा हल्ला झाला. पायाला गंभीर दुखापत होऊनही ते बचावले. १९१८ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया करू लागले.

त्या काळी मेंदूचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने चेतापेशींचा अभ्यास असे. चेतापेशींच्या भोवती असणाऱ्या ग्लिया पेशींकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थच डिंक! मेंदूला चिकटवून धरणारा भराव, एवढेच त्यांचे काम समजले जाई. पण मेंदूला इजा झाली की तेथे वण तयार होतो, त्यात या पेशींचा मोठा वाटा असतो आणि अशा वणाजवळूनच पुष्कळदा आकडी सुरू होते. पेनफील्ड यांना हे कोडे उलगडायचे होते. स्पेनमधील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी ग्लिया पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट पाहण्याची पद्धत शोधली होती. १९२४ साली पेनफील्ड माद्रिदला गेले आणि ती विद्या शिकले. १९२८ मध्ये जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे त्यांनी रुग्ण जागा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र आत्मसात केले.

त्याच वर्षी ते कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी आले आणि लवकरच त्यांच्यावर कसोटीचा प्रसंग ओढवला. त्यांची थोरली बहीण रूथ हिला अनेक वर्षे झटके येत होते. तिच्या मेंदूत गाठ असल्याचे निष्पन्न झाले. डिसेंबर १९२८ मध्ये पेनफील्ड यांनी स्वतः तिच्यावर शस्त्रक्रिया केली. ही गाठ ग्लिया पेशींचीच होती. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाचा मोठा हिस्सा काढावा लागला. तरीही गाठ संपूर्ण निघाली नाही. रूथ घरी परतली. ती प्रेमळ होती, बोलत होती. मात्र एकेकाळी सहज रांधणाऱ्या या गृहिणीला पाहुण्यांच्या जेवणाची आखणी जमेना. मेंदूचा तो भाग कशासाठी असतो, हे भावाला बहिणीच्या दुःखातून उमगले. पुढील काही वर्षांतच तिचे निधन झाले. मेंदूच्या आजारांसाठी स्वतंत्र संस्था उभारण्याचा त्यांचा निर्धार या शोकातून अधिक दृढ झाला.

रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९३४ साली मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे शल्यचिकित्सक, संशोधक आणि परिचारिका एकाच छताखाली काम करू लागले. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. म्हणून त्वचेपुरती भूल देऊन, रुग्णाशी बोलत, पेनफील्ड मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह लावीत. कोठे स्पर्श होताच हात हलतो, कोठे वाचा थांबते, हे पाहून ते तेथे क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवीत. त्यामुळे आवश्यक भाग वाचवून आकडीस कारण ठरणारा भाग काढता येई. सर्वांनाच गुण आला नाही, पण अनेकांचे झटके थांबले. शिवाय मानवी मेंदूचा नकाशा तयार झाला. हर्बर्ट जॅस्पर यांच्यासह लिहिलेला त्यांचा अपस्मारावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

५ एप्रिल १९७६ रोजी पेनफील्ड यांचे निधन झाले. त्यांनी ज्या पेशींकडे लक्ष वेधले, त्यांचे महत्त्व पुढील संशोधनाने सिद्ध केले. गर्भावस्थेत मेंदू घडताना काही ग्लिया पेशी नव्या चेतापेशींना योग्य जागी पोहोचण्याची वाट दाखवतात; काही चेतातंतूंवर संरक्षक वेष्टन चढवतात; काही अनावश्यक जोडण्या छाटतात. काही ग्लिया पेशी चेतापेशींभोवती साठणारी उत्तेजक द्रव्ये शोषून घेतात. हे काम बिघडले, तर चेतापेशी बेभान होऊन आकडी येऊ शकते.

भारतालाही या कार्याचा लाभ झाला. मॉन्ट्रियलमध्ये शिक्षण घेतलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे देशातील पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. पेनफील्ड यांनी लावलेला दिवा असा दूरवर प्रकाश देत राहिला. अपस्मार हा शाप नसून उपचार करता येण्याजोगा आजार आहे, ही जाण त्यांच्या जीवनकार्याने बळकट केली.