अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

ज्या घरातील लेकराची दृष्टी जाते, त्या घरी आईबाप म्हणतात की, ह्यास शाळेत घालून काय उपयोग? खेडोपाडी भेटीस जात असता हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकिला आहे. ह्यास्तव आज एका खेड्यातील मुलाचे चरित्र आम्ही आपणापुढे मांडितो.

लुई ब्रेल ह्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशातील कूव्रे गावी झाला. हे गाव पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. बाप चामड्याचे काम करणारा; घोड्यांची खोगिरे व साज तो बनवी. लुई ३ वर्षांचा असता बापाची हत्यारे घेऊन चामड्याशी खेळू लागला, तोच हत्याराचे टोक निसटून डोळ्यात शिरले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही लागला, आणि ५ वर्षांचा होईतो तो पूर्ण आंधळा झाला.

त्या काळी अशा मुलांच्या वाट्यास बहुधा भीक मागणेच येई. परंतु ह्या बापाने मुलास कोपऱ्यात बसविले नाही. त्याने त्यास चालावयास काठी करून दिली, आणि फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार बोटांनी ओळखावयास शिकविले, असे सांगतात. गावचा रोमन पाळक पाल्युई ह्याने त्यास शिकविण्याचे मनावर घेतले, आणि बेशरे नामक शिक्षकाने त्यास डोळस मुलांबरोबर शाळेत बसू दिले. लुई सर्व पाठ ऐकून ध्यानात ठेवी व वर्गात पुढे असे. परंतु पुस्तक मात्र त्यास बंदच होते.

१८१९ साली, १० वर्षांचा असता, तो पॅरिस येथील अंध मुलांच्या शाळेत गेला. तेथील पुस्तकांत साधी अक्षरे कागदावर उठवून काढलेली असत. ती पुस्तके फार जड व थोडी. एकेक अक्षर चाचपण्यात वेळ जाई, आणि मुलांस स्वतः लिहिता तर येतच नसे. पुढे बार्बिए नामक सैनिकी अधिकाऱ्याने योजिलेली उठावदार ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तीत एका खुणेस १२ पर्यंत ठिपके लागत, म्हणून ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. शिवाय ती उच्चारांची होती, शुद्धलेखनाची नव्हती. लुईने तिच्यावर चिकाटीने श्रम केले, आणि १८२४ साली, अवघ्या १५ व्या वर्षी, ६ ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. १८२९ साली तिचे पुस्तक छापले. त्याच ठिपक्यांनी संगीतही लिहिता येऊ लागले.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले; ते चर्चमध्ये ऑर्गनही वाजवीत. परंतु डोळस शिक्षकांस ही लिपी परकी वाटे. १८४० नंतर काही काळ शाळेच्या मुख्याने ती बंद केली, तरी मुले आपसांत ती चालवीतच राहिली. १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनसमयी तिची जाहीर परीक्षा करून दाखविण्यात आली. क्षयाने जर्जर होऊन ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल मरण पावले. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृत केली ती त्यानंतर, १८५४ साली. १८९९ साल उलटून १९०० उजाडले, तेव्हा अमेरिकन मिशनने मुंबईत अंध मुलांची शाळा उघडिली; १९५१ साली भारतीय भाषांसाठी एक समान ब्रेल लिपी ठरली, आणि आज मराठीही बोटांनी वाचिता येते.

बंधुजनहो, ब्रेल ह्यांची बुद्धी थोर होती खरी. पण तो बाप, तो पाळक व तो शिक्षक ह्यांनी दार उघडिले नसते, तर ती बुद्धी कूव्रे गावातच विझली असती. आपल्या वस्तीत असे लेकरू असेल, तर आईबापांनी त्यास लपवून ठेवू नये, आणि उपदेशकाने त्याचा हात धरून शाळेच्या दारापर्यंत स्वतः जावे. शिक्षक कचरला तर पुन्हा जावे. त्या लेकरात काय दडले आहे, हे आज आपणांपैकी कोणासही ठाऊक नाही. कूव्रे गावालाही ते ठाऊक नव्हते.