वामनदादांचे घर

आंबेडकरी समाजात दादा म्हटले की पहिले दोनच चेहरे डोळ्यांपुढे येतात. एक दादासाहेब गायकवाड आणि दुसरे वामनदादा कर्डक. दोघेही नाशिक जिल्ह्याचे. एकाने समाजाला लढे दिले, दुसऱ्याने त्या लढ्यांना गळा दिला. गायकवाडांना दादासाहेब म्हटले ते नेता म्हणून. वामनदादांना दादा म्हटले ते मात्र घरातला वडील भाऊ म्हणून. लोकांनी त्यांना आपल्या घरात का घेतले, हे समजल्याशिवाय त्यांचे जीवन समजणार नाही, असे आम्हाला वाटते.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील तबाजी, आई सईबाई. घरात गरिबी. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तेरा वर्षांचा. जिल्हा असा पेटून उठलेला, पण या मुलाच्या नशिबी शाळा नव्हती.

पोटासाठी त्यांनी मुंबई गाठली. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत राबले, मातीच्या पाट्या उचलल्या, चिक्की आणि आइसफ्रूट विकले. शिवडीच्या चाळीत राहत असताना एकाने चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली आणि ती वाचता आली नाही. ही गोष्ट त्यांच्या काळजाला लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकली. ज्यांच्या गीतांवर पुढे विद्यापीठांतून प्रबंध लिहिले गेले, त्यांची शाळा म्हणजे मुंबईचा रस्ता होता.

मे १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. एका हिंदी गाण्याचे ते विडंबन होते. त्यावेळी त्यांनी वयाची एकविशीही गाठली नव्हती. लोकांना ते आवडले, आणि गाण्यात काय बळ असते हे त्यांना उमगले. समता सैनिक दलाचा हा तरुण नंतर विडंबनात रमला नाही. बाबासाहेबांचा विचार खेड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत नेणे हेच त्यांनी आपले काम मानले आणि पुढची साठ वर्षे तेच केले.

६ डिसेंबर १९५६ नंतर या कामाचे मोल अधिकच वाढले. लाखो लोकांनी दोनच महिन्यांपूर्वी बुद्ध धम्म स्वीकारला होता. जुने देव सोडले, जुनी गाणीही सुटली. आता लग्नात काय गायचे? बारशाला काय गायचे? घरात कोणी गेले तर रात्र कशी काढायची? प्रश्न साधा वाटतो, पण संस्कृती अशाच प्रश्नांवर उभी राहते. वामनदादांनी आणि त्यांच्या सोबतीच्या शाहिरांनी या रिकाम्या जागा भरल्या. बुद्ध, फुले, भीमराव, रमाई त्यांच्या गीतांतून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. भांडवलदारांची नावे घेऊन, या देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे, हा सवालही त्यांनी गाण्यातूनच विचारला. 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटासाठीही त्यांनी गीत लिहिले, पण चित्रपटाची वाट धरली नाही. त्या वाटेवर पैसा होता. त्यांची माणसे मात्र गावकुसाबाहेर होती.

आता त्यांच्या स्वतःच्या घराविषयी. पहिला संसार मोडला. मुलगी मीरा लहानपणीच गेली. हे दुःख दादांनी आयुष्यभर वागवले. पुढे शांताबाईंशी संसार झाला. त्यांना मूल झाले नाही, तेव्हा त्यांनी रवींद्र याला दत्तक घेतले. दादा गावोगाव भटकत, कार्यकर्त्यांच्या घरी उतरत, मिळेल ती भाकर खात आणि तिथेच गीत लिहीत. कोणी मागितले की नवे गाणे उतरवून देत. ज्या घरी मुक्काम केला तिथल्या पोरांचे ते आजोबा झाले. ज्याचे लेकरू गेले तो माणूस शेकडो घरांतल्या लेकरांना गाणी शिकवत फिरला.

मात्र इथे एक गोष्ट आम्हाला बजावून सांगावीशी वाटते. दादा जेव्हा समाजाच्या घरी होते, तेव्हा त्यांचे घर शांताबाई सांभाळत होत्या. चळवळीच्या इतिहासात अशा बाईंच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. वामनदादांचे मोठेपण सांगताना शांताबाईंचे ऋण सांगितले नाही, तर रमाईवर गाणी गाण्याचा आम्हाला अधिकार काय?

'वाटचाल' १९७३ साली आले, 'मोहोळ' १९७६ साली, 'हे गीत वामनचे' १९७७ साली. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद समाजाने त्यांना दिले. १९९६ साली 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. १५ मे २००४ रोजी दादा गेले. पण हजारो गीतांच्या मानाने ही छापील पाने थोडीच आहेत. बाकीची गाणी गायकांच्या वह्यांत, कार्यकर्त्यांच्या पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या स्मरणात विखुरली.

दादा आपल्या गीतांच्या शेवटी वामन ही नाममुद्रा घालत. ती मिरवण्यासाठी नव्हती. ज्याला सातबाऱ्यावर नाव नाही, शाळेच्या पटावर नाव नाही, त्याने गाण्यात केलेली ती स्वतःची नोंद होती. शेवटचे कडवे गाळून गाणे आटोपले की ती नोंद पुसली जाते. जयंतीच्या मंचावर गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे : शेवटचे कडवे गावे, कवीचे नाव घ्यावे. ज्याच्या घरात दादांची जुनी वही असेल त्याने ती वाळवीच्या स्वाधीन करू नये. तिची नक्कल करून एखाद्या ग्रंथालयाला द्यावी.

इतरांच्या घरी वडील जमीन ठेवून जातात. आमच्या या वडील भावाने गाणी ठेवली. ती जमीन कुणाला बळकावता येणार नाही, पण आमच्याच हलगर्जीपणाने ती पडीक पडू शकते. वामनदादा आणि शांताबाई, दोघांनाही विनम्र अभिवादन.